येशूचे चमत्कार आणि यशयाचे भाकीत : पूर्तता नेमकी कशाला म्हणायची?

प्रश्न : संडे स्कूल शिक्षिका, सोलापूर

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

रेल्वे लाइन्स भागातील आमच्या मंडळीत मी नववी-दहावीच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेते. गेल्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय होता. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि तेथून तो आपल्या शिष्यांना पाठवून येशूला विचारतो की, जो येणार होता तो आपणच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? येशू सरळ ‘होय’ म्हणत नाही. तुम्ही जे ऐकता आणि पाहता ते योहानाला जाऊन सांगा, असे म्हणून तो सहा गोष्टी मोजतो : आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात आणि गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. मला लहानपणी शिकवले होते तसेच मी फळ्यावर दोन रकाने आखले. एका रकान्यात जुन्या करारातील संदेष्टा यशया याचे भाकीत, दुसऱ्यात येशूचा चमत्कार, आणि मधे रेघ ओढून ‘पूर्ण झाले’ असे लिहिले.

वर्गातील एका मुलीने शांतपणे विचारले, “बाई, मशीहा हे चमत्कार करील, असे यशयात कोणत्या वचनात लिहिले आहे?” मी पस्तिसावा अध्याय उघडला. पाचव्या-सहाव्या वचनांत आंधळे, बहिरे, पांगळे, मुके हे सगळे आहेत, पण मशीहाचा, म्हणजे येणाऱ्या अभिषिक्त तारणाऱ्याचा, उल्लेख त्या अध्यायात कोठेच नाही. एकसष्टाव्या अध्यायात अभिषेक झालेला कोणीतरी बोलतो खरा, पण कुष्ठरोगी तेथेही नाहीत आणि पस्तिसाव्यातही नाहीत. मुलीचा हेतू वाकडा नव्हता. ती घरून अध्याय वाचून आली होती. पुढच्या रविवारी सांगते, असे मी तिला म्हणाले आणि तेव्हापासून मीच वाचत बसले आहे.

या प्रश्नाला माझ्या घरचीही एक बाजू आहे, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या वडिलांची सारी उमर मागावर गेली. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आजही चादरीच्या काठावरून बोट फिरवून ताण्याचा धागा कोठे तुटला होता आणि गाठ कोठे मारली आहे, हे ते अचूक सांगतात. माझा चेहरा मात्र त्यांना दिसत नाही. एका प्रार्थनासभेत त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्यात आली. दृष्टी आली नाही, तेव्हा तेथल्या प्रचारकाने सर्वांदेखत सांगितले की, यशयाचे ते वचन आजही लागू आहे, कमतरता असेल तर ती तुमच्या विश्वासात आहे. त्या दिवसापासून बाबांनी पस्तिसावा अध्याय माझ्याकडून वाचून घेणे बंद केले आहे.

म्हणून जाणत्यांनी मला दोन गोष्टी सांगाव्यात. येशूचे चमत्कार ही भाकिताची पूर्तता आहे, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? आणि ती पूर्तता झाली असेल, तर ज्याच्या वाट्याला ती आली नाही त्याला काय सांगायचे?

उत्तर १ : निवृत्त पाळक

ताई, सलाम. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. चाळीस वर्षे उपदेश केला, पण हा प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नाही आणि मीही बरीच वर्षे स्वतःला विचारला नाही.

तिचे म्हणणे बरोबर आहे. मात्र पाचव्या वचनापासून वाचायला सुरुवात केली की आपली गाठ चुकते, चौथ्यापासून वाचावे लागते. तेथे भ्यालेल्या लोकांना सांगितले आहे की, धीर धरा, तुमचा देव येत आहे, तो स्वतः येऊन तुम्हांला तारील. त्याला लागूनच पाचवे वचन ‘तेव्हा’ या शब्दाने सुरू होते : तेव्हा आंधळ्यांचे डोळे उघडतील. म्हणजे डोळे उघडणे, कान उघडणे, पांगळ्याने हरणासारखी उडी मारणे या देव स्वतः आल्याच्या खुणा आहेत. स्तोत्र १४६ मध्येही आंधळ्यांचे डोळे उघडणारा परमेश्वरच आहे. जुन्या करारात एलीया आणि अलीशा यांनी मेलेली मुले उठवली, अलीशामुळे नामानाचा कुष्ठरोग गेला, पण एखाद्या संदेष्ट्याने आंधळ्या माणसाला दृष्टी दिल्याची कथा तेथे नाही. (अलीशाच्या प्रार्थनेने अरामी सैन्याचे डोळे उघडले, हे मला ठाऊक आहे, पण ते त्याच्याच प्रार्थनेने झाकले गेले होते, म्हणून ती कथा मी यात धरत नाही.) योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला (हा योहान बाप्तिस्मा करणारा नव्हे) जन्मांध माणूस शिकल्या-सवरल्या परुश्यांना हेच ऐकवतो की, जन्मांधाचे डोळे कोणी उघडल्याचे जगाच्या आरंभापासून ऐकण्यात आलेले नाही. तेव्हा तुमच्या फळ्यावरच्या पहिल्या रकान्याचे शीर्षक ‘मशीहा काय करील’ असे न ठेवता ‘देव येईल तेव्हा काय होईल’ असे ठेवा. मत्तयाचा दावा त्यामुळे लहान होत नाही, फार मोठा होतो.

कुष्ठरोग्यांचे उत्तर दुसरीकडे आहे. सारीच पूर्तता ‘अमुक घडेल’ आणि ‘अमुक घडले’ अशी नसते. जुन्या करारातील एखादा प्रसंग पुन्हा, अधिक भरून घडतो, तेव्हाही शुभवर्तमानकार तीच भाषा वापरतात. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानात येशू स्वतःच नामानाचे आणि सारफथच्या विधवेचे नाव घेतो. पुढे सातव्या अध्यायात नाईन गावच्या विधवेचा मुलगा उठतो, तेव्हा येशूने त्याला ‘त्याच्या आईला दिले’ असे लूक लिहितो, आणि एलीयाने सारफथच्या त्या विधवेचा मुलगा उठवला, त्या कथेच्या ग्रीक भाषांतरात नेमके हेच शब्द आहेत. अलीशाने वीस भाकरींत शंभर माणसे जेववली आणि त्या भाकरी जवाच्या होत्या. पाच हजारांच्या जेवणात भाकरी जवाच्या होत्या हे चार शुभवर्तमानकारांपैकी एकटा योहानच नोंदवतो. जव हे त्या मुलखात गरिबाचे धान्य होते. रोजची भाकर आणि सणाची पोळी यांतला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला ही नोंद सोलापुरात समजावून सांगावी लागणार नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझे मन तेथेच अडकले आहे. यशया ६१ च्या पहिल्याच वचनात बंदिवानांना सुटकेची घोषणा आहे, आणि लूकच्या म्हणण्याप्रमाणे येशूने नासरेथात तेच वचन मोठ्याने वाचून ‘हे आज पूर्ण झाले आहे’ असे सांगितले होते. मग मत्तय ११ मधली यादी पुन्हा एकदा वाचा, ताई, आणि ती कोणाला पाठवली आहे हे लक्षात ठेवून वाचा. ऐकणारा तुरुंगात आहे. योसेफस या इतिहासकाराने त्या तुरुंगाचे ठिकाणही दिले आहे : मृत समुद्राच्या पूर्वेकडील माखेरसचा किल्ला. त्याला आंधळ्यांचे, पांगळ्यांचे, अगदी मेलेल्यांचेही सांगितले जाते, आणि बंदिवानांची सुटका मात्र त्यातून गळलेली असते. योहानाला वचने तोंडपाठ असणार. काय गाळले आहे हे त्याला कळले नसेल, असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट गळली आहे. यशया ३५ मध्ये देव सूड घेण्यास येतो असे आहे, यशया ६१ मध्येही सुडाचा दिवस आहे, आणि योहानाने तर झाडांच्या मुळाशी ठेवलेली कुऱ्हाड आणि हाती घेतलेले सूप यांचाच उपदेश केला होता. येशू त्याच वचनांतून बरे होणे उचलतो आणि सूड मागे ठेवतो. योहान ज्याची वाट पाहत होता तो आला, पण योहानाने वाट पाहिली होती तसा आला नाही. म्हणूनच निरोपाच्या शेवटी येशू म्हणतो की, जो माझ्याविषयी अडखळत नाही तो धन्य. योहान पुढे सुटला नाही. त्याचा शिरच्छेद झाला. पण निरोप घेऊन शिष्य वळतात न वळतात तोच येशू लोकसमुदायाला सांगतो की, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. ज्याने शंका विचारली आणि ज्याची सुटका झाली नाही, त्याच्याविषयी येशू हे बोलला. तुमच्या वडिलांना जे सर्वांदेखत ऐकवले गेले, ते या अध्यायाच्या विरुद्ध आहे, आणि माझ्यासारख्या पाळकांनी हे सभेत उभे राहून सांगायला हवे होते. आमच्या मौनाबद्दल मी तुमच्या वडिलांची क्षमा मागतो.

उत्तर २ : इतिहासाचा वाचक, होटगी रस्ता

मी ख्रिस्ती नाही, आणि येथे लिहावे की नाही याचा विचार करूनच लिहीत आहे. आधीचे उत्तर मला फार आवडले. तरीही त्या मुलीने उद्या आणखी वाचले, तर तिच्यासमोर जे येईल ते तिला आपल्याच लोकांकडून आधी कळलेले बरे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पहिली गोष्ट यहूदी परंपरेची. बाराव्या शतकातील मोठे यहूदी पंडित मैमोनिदीस यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की, मशीहा राजाने चिन्हे-चमत्कार करावेत, मेलेले उठवावेत अशी अट नाही. दाखला म्हणून ते रब्बी अकिवा यांचे नाव देतात, कारण इ. स. १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला अकिवांनी मशीहा मानले, पण त्याच्याकडे चमत्कार मागितला नाही. शिवाय ‘अनुवाद’ नावाच्या त्यांच्या शास्त्रग्रंथाच्या तेराव्या अध्यायात तर सांगितलेच आहे की, एखाद्याने दिलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये. म्हणजे चमत्कार घडला एवढ्याने त्या परंपरेत काही सिद्ध होत नाही. त्या मुलीला ‘यहूद्यांनी डोळे मिटून घेतले’ असे कृपया शिकवू नका. त्यांच्या न मानण्यामागे त्यांच्याच शास्त्राचा आधार होता.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १८३५ साली डेव्हिड फ्रीडरिख स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने येशूचे चरित्र लिहिताना असे मांडले की, मशीहाच्या काळात काय घडेल याविषयीच्या अपेक्षांतूनच चमत्कारांच्या कथा घडत गेल्या. भाकीत आधी होते, आणि कथा त्याच्या साच्यात ओतली गेली. त्याच्याही आधी, १७७७ मध्ये, लेसिंग यांनी म्हटले होते की, स्वतः पाहिलेला चमत्कार वेगळा आणि दुसऱ्याने पाहिल्याचा वृत्तान्त वेगळा. आपल्या हाती असलेले सारे वृत्तान्तच आहेत. पाळकसाहेबांनी नाईन आणि सारफथ यांतले सारखे शब्द दाखवले. श्रद्धावानाला त्यात पूर्तता दिसते, तर स्ट्राउसला त्यातच साचा दिसला असता. नुसत्या साम्यावरून या दोहोंतला निर्णय कसा करायचा, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

उत्तर ३ : नव्या कराराच्या ग्रीकचा विद्यार्थी

आपण फार नेमके बोट ठेवले आहे, भाऊ. निर्णय करणारा पुरावा माझ्याकडे नाही, पण तीन गोष्टी मूळ शब्दांत दिसतात, त्या मांडतो.

मैमोनिदीस येशूनंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहितात, आणि त्यांच्यासमोर ख्रिस्ती दावा उभा आहेच. येशूच्या आधीचे काय? मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील चौथ्या गुहेत एका हिब्रू गुंडाळीचे तुकडे मिळाले. त्यांना अभ्यासक ४क्यू५२१ या क्रमांकाने ओळखतात आणि तो हस्तलेख इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. आकाश आणि पृथ्वी ‘त्याच्या मशीहाचे’ ऐकतील, असे त्यात म्हटले आहे. आणि पुढे बंदिवानांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, जखमींना बरे करणे, मेलेल्यांना जिवंत करणे आणि गरिबांना सुवार्ता हे सगळे एका मागोमाग येते. मेलेले उठणे आणि गरिबांना सुवार्ता या दोन गोष्टी यशया ६१ मध्ये शेजारी शेजारी नाहीत. येथे त्या आहेत आणि मत्तय ११ मध्येही आहेत. ही कामे करणारा तेथे प्रभू की मशीहा, यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण वाक्याचा कर्ता प्रभू दिसतो. तरीही मशीहाचा काळ आणि अशी कामे यांची जोडी येशूच्या आधीच काही यहूदी लोकांच्या मनात होती, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. योहानाला निरोप कळला असेल तो यामुळेच.

दुसरी गोष्ट मार्कच्या सातव्या अध्यायातली. बहिऱ्या माणसाला बोलताना अडखळायला होते, हे सांगण्यासाठी मार्क ‘मोगिलालोस’ असा शब्द वापरतो. हा शब्द नव्या करारात फक्त येथे आहे, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात फक्त यशया ३५:६ मध्ये आहे. हा योगायोग नाही. मार्क वाचकाला हाताला धरून यशयाकडे नेतो आहे. आपण म्हणाल की हाच तो साचा. मी म्हणेन की सांगण्याचे शब्द यशयाचे आहेत हे यावरून कळते. प्रसंग घडला की नाही हे यावरून कळत नाही. आपल्याकडे आजीने मुलाच्या पहिल्या पावलांचे वर्णन ओवीतल्या शब्दांत केले, म्हणून मूल चाललेच नव्हते असे होत नाही.

आणि तिसरी गोष्ट ताईंसाठी. पाळकसाहेब म्हणतात त्या गळलेल्या शब्दापाशी हिब्रूत काहीतरी विलक्षण आहे. यशया ६१:१ च्या शेवटी बंदिस्तांसाठी जे ‘उघडणे’ म्हटले आहे, त्याचा धातू ‘पाकह’ असा आहे, आणि तो जुन्या करारात जवळजवळ सर्वत्र डोळे उघडण्यासाठीच येतो. काळोख्या कोठडीतून बाहेर येणे आणि डोळ्यांना उजेड मिळणे हे त्या एका शब्दात एकत्र आहे. म्हणूनच ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘आंधळ्यांना दृष्टी’ असे केले, आणि लूकने तेच उद्धृत केले. आंधळा आणि बंदिवान यशयाच्या त्या ओळीत एकाच दाराशी उभे आहेत.

साचा आधी आणि कथा मागून, या मताला माझा एक साधा आक्षेप आहे. कोणी भाकिताला जुळेल अशी कथा रचायला बसला असता, तर बंदिवानांची सुटका त्याने सर्वांत आधी घेतली असती. योहान तुरुंगात आहे, वचन हाताशी आहे आणि पूर्तता लिहायला एक ओळ पुरे होती. त्याऐवजी योहानाची शंका तशीच ठेवली आहे, यादी अपुरी ठेवली आहे आणि कैदी मारला गेल्याचे तीन अध्याय पुढे लिहिले आहे. हा पुरावा नव्हे हे मी मान्य करतो. पण साच्यातून निघालेल्या वस्तूला असा कोपरा राहत नाही.

उत्तर २ ला पुरवणी : इतिहासाचा वाचक, होटगी रस्ता

शेवटच्या आक्षेपावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. योहानाच्या शिष्यांचा गट पुढेही टिकून होता आणि त्यांच्याशी झालेल्या संवादाचा ठसा या कथेवर असू शकेल, असे म्हणता येईल. पण मग शंका जपून ठेवण्याचे कारण आणखी कमी होते. मी पुन्हा वाचतो.

प्रश्नकर्तीचा निरोप

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी वर्गात जुने दोन रकाने मी स्वतः पुसले. त्या मुलीला फळ्यापाशी बोलावून यशया ३५ चे चौथे वचन मोठ्याने वाचायला सांगितले आणि पाचव्यातील ‘तेव्हा’ या शब्दाखाली तिच्याकडूनच रेघ मारून घेतली. मैमोनिदीस आणि बार कोखबा यांच्याविषयीही सांगितले. एका मुलाने विचारले की, मग यहूदी लोक चूक की बरोबर? त्यांच्या शास्त्राचा आधार काय आहे हे मी त्याला सांगितले, आणि मी स्वतः काय मानते तेही सांगितले.

संध्याकाळी बाबा खाटेवर बसले होते, मांडीवर चादर होती. मी विचारले, मत्तय ११ वाचू का? ते नाही म्हणाले नाहीत. मी यादी वाचली आणि थांबून सांगितले की, बाबा, यात तुरुंगातल्यांची सुटका नाही, आणि हे तुरुंगातल्या माणसाला सांगितले आहे. त्यांची बोटे चादरीच्या काठावर थांबली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारले, “निरोप पोचल्यावर योहान काय म्हणाला?” मी पुढे वाचून पाहिले. शिष्य परत निघाले एवढेच तेथे आहे. योहान काय म्हणाला ते लिहिलेले नाही. तसे मी त्यांना सांगितले.

“म्हणजे तो आत बसून ऐकत होता,” ते म्हणाले. थोड्या वेळाने चादर बाजूला सारून त्यांनी यशया काढायला सांगितला, आणि चौथ्यापासून नको, अध्यायाच्या पहिल्या वचनापासून वाच, असे म्हणाले.